स्पिटफायर किंवा हेराल्ड घरी उभी करताना: आधी काय, मग काय

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला घेणाऱ्याला पाना धरता येतो, वेल्डिंगचा माणूस मिळतो, पैसाही हळूहळू उभा राहतो. काम अडतं ते क्रमापाशी. पहिल्याच रविवारी इंजिन बाहेर येतं, मग दारं, मग वायरी. दिवाळीपर्यंत अंगणात रिकामी बॉडी आणि पोत्यांत सुटे भाग उरतात. काही जण उलट करतात: आधी चकचकीत रंग, आणि मग त्याच रंगाला घासत इंजिन बाहेर. इंदुरात मला दोन्ही प्रकार सारखे दिसतात, आणि दोन्ही टाळता येण्यासारखे आहेत.

हा लेख ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ ते १९८०) आणि तिच्याच घराण्यातली, मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड या दोन गाड्यांसाठी आहे. दोघींचा सांगाडा वेगळा आणि बॉडी त्यावर बोल्टांनी बसवलेली, म्हणून घरच्या कामाला त्या सोयीच्या. तुमची गाडी एमजी मिजेटसारखी एकसंध बॉडीची असेल, तर बॉडी उचलण्याची पायरी सोडा. बाकीचा क्रम तोच.

१. कागद आणि नंबर

पाना उचलण्याआधी आरसी पुस्तक आणि गाडीवरचा चेसिस व इंजिन नंबर अक्षर न् अक्षर जुळतात का ते बघा. नंबरावर गंज असेल तर वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. केरोसिनमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा, सकाळी पुसा, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. नंबर जुळत नसेल तर आधी तो प्रश्न आरटीओत सोडवा. गाडी पूर्ण झाल्यावर तो सुटत नाही.

२०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न केलेली खासगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते.

सावध: “मूळ इंजिन काढून मारुतीचं टाका, झंझट संपेल,” असं गॅरेजवाले सहज सांगतात. तसं केलंत तर गाडी या नियमांतून बाहेर पडू शकते. मूळ इंजिन जाम असलं तरी भंगारात देऊ नका.

२. जागा, हंगाम, हत्यारं

मालव्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. अशा जमिनीवर जॅक लावलेली गाडी रात्रीत एका बाजूला कलते. काँक्रीटची फरशी हवीच. शहाबादी चालत नाही, घोडीच्या (गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडच्या) एका पायाखाली ती तडकते. गाडीखाली जायचं असेल तर चार पोलादी घोड्या लावा, आणि प्रत्येकीखाली १२ मिमी प्लायवूडचा तुकडा ठेवा. विटा किंवा लाकडाचे ठोकळे एकावर एक रचून त्यावर गाडी ठेवू नका, तासाभराच्या कामासाठीही नाही.

कामाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू करा. पत्र्याचं काम हिवाळ्यात, रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात पत्रा उघडा केलात, तर जूनच्या पहिल्या पावसात त्यावर तांबूस थर येतो आणि मागचे चार महिने वाया जातात.

या गाड्यांचे बहुतेक नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. ७/१६, १/२ आणि ९/१६ इंच ही मापं सर्वांत जास्त लागतात. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. बरेचसे नट या एका सवयीतून अडकतात. इंची रिंग पाने आणि गोट्यांचा (सॉकेटचा) संच आधी घ्या. सियागंजच्या हार्डवेअर दुकानांत मिलिमीटरचा संच पुढे केला जातो, इंचाचा हट्टाने मागा. सोबत टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळण्यासाठी), फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पात्या), ओळंबा आणि आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल.

तपासा: गाडी ठेवायच्या जागी इन्व्हर्टर किंवा पाण्याच्या पंपाचा स्टार्टर आहे का? पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि अशा ठिणगीने पेट घेते. टाकी आधी बाहेर काढा आणि मोकळ्या हवेत, घरापासून लांब ठेवा.

३. उकलण्याआधी मोजमाप

गाडी अजून अखंड आहे, तोवरच तिच्याकडून जे कळतं ते कळतं. या पायरीला पूर्ण दिवस द्या.

सांगाडा: ओळंबा घेऊन सांगाड्याच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या समान बिंदूंखाली फरशीवर खडूने खुणा करा. सस्पेन्शनचे बोल्ट आणि बॉडीच्या बोल्टांच्या जागा घ्या. मग कर्ण मोजा. दोन कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सांगाडा कधीतरी ठोकला गेला आहे. तो आधी सरळ होईल, मगच पुढचं. वाकड्या सांगाड्यावर जुळवलेली दारं नंतर कधीच लागत नाहीत.

दारांच्या फटी: वर, मध्ये, खाली, तीन ठिकाणी मोजून लिहा. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचली आहे.

इंजिन: कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढच्या पुलीकडे बघा. पुली पुढे सरकताना डोळ्यांना दिसली तर क्रँकचे (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचे) थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याची पुढेमागे चाल रोखणारे वॉशर, झिजले आहेत. ही चाल साधारण ०.१ ते ०.२ मिमी असायला हवी. वॉशर निसटून इंजिनाखालच्या ऑइल संपमध्ये (तेलाच्या भांड्यात) पडले, तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही कापले जातात. चाल जास्त दिसली तर ते इंजिन सुरू करायचा मोह आवरा.

जाम इंजिन: प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल (एटीएफ) घाला आणि आठवडाभर थांबा. नंतर पुलीच्या नटावर लांब पान्याने हलकं हलकं मागेपुढे करा. दुसऱ्या गाडीला बांधून ओढून इंजिन सोडवू नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात.

४. उकलणं

प्रत्येक भागाचे आधी तीन फोटो: लांबून, जवळून, आणि नटाखाली वायसर कोणत्या क्रमाने आहेत ते. मग जाड प्लास्टिकची पिशवी, आत कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीने नाव. शाईचं पेन तेलात पुसलं जातं. “उजव्या दाराची वरची बिजागरी” असं पूर्ण लिहा. नुसतं “बिजागरी” लिहिलेल्या चार पिशव्या वर्षभराने काहीही सांगत नाहीत.

बॉडी आणि सांगाडा यांच्यामध्ये जिथे जिथे पत्र्याच्या चकत्या भरलेल्या असतात, तिथली संख्या लिहून ठेवा. दाराच्या फटी त्या चकत्यांवर ठरतात. हे न लिहिता बॉडी उचलली, तर दारं जुळवायला महिने जातात.

झिजलेला किंवा तुटलेला भागही टाकून देऊ नका. खरादीला नवा बनवून घ्यायचा असेल तर नमुना तोच.

सावध: मागच्या ॲक्सलचं हब शंकूसारख्या निमुळत्या टोकावर बसलेलं असतं. हातोड्याने ठोकून ते निघत नाही, वाकतं किंवा तडकतं. ते योग्य पुलरने किंवा प्रेसनेच काढायचं. हे काम सांवेर रोडवरच्या मशीन शॉपमध्ये प्रेसवर करून आणा.

५. सांगाडा आणि पत्रा

सर्वांत जास्त गाड्या इथे बिघडतात, म्हणून इथे सावकाश.

हेराल्डच्या सांगाड्याला बाजूने लांब पट्ट्या आहेत. बॉडीचा बराच भार त्या घेतात, दाराखालचा उंबरा तिथे मुख्यतः आवरणासारखा आहे. स्पिटफायरचा सांगाडा मधल्या कण्याचा, बाजूला आधार नाही. तिथे दाराखालचा उंबराच गाडीला वाकू देत नाही. हा फरक न कळलेला डेंटर स्पिटफायरचे दोन्ही उंबरे एकाच दिवशी कापतो, बॉडी मधून दोन सेंटीमीटर खचते, आणि नवे उंबरे त्याच खचलेल्या मापावर वेल्ड होतात. पुढे दार लावलं की ते मागच्या पत्र्याला घासतं.

म्हणून हा क्रम:

अ) बॉडी सांगाड्यावर बोल्ट केलेली असताना काम सुरू करा. घोड्या सस्पेन्शनच्या जागांखाली ठेवा, म्हणजे गाडी चाकांवर उभी असल्यासारखा भार येईल.

आ) आधी सांगाड्याच्या बाजूला निघणारे सडलेले बाहू, एका वेळी एक. त्या बाहूवरच बॉडीचा बोल्ट बसत असल्याने जुना कापण्यापूर्वी बोल्टाच्या भोकाची जागा तीन बिंदूंपासून मोजून घ्या.

इ) दाराच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी नळी आडवी वेल्ड करा, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत. दोन्ही बाजूंना.

ई) एका बाजूचा उंबरा कापा, नवा आधी टाचण्यांवर (वेल्डच्या तुरळक टिंबांवर) बसवा, दार लावून फट मोजा, मग पूर्ण वेल्ड करा. ती बाजू संपल्यावरच दुसरी.

उ) गाडीच्या तळाचा पत्रा शेवटी.

पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिमी, सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या. वेल्डिंग मिगने (विजेवर, आपोआप पुढे येणाऱ्या तारेने), तार ०.६ किंवा ०.८ मिमी. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्र्यात लांबवर पसरते आणि पत्रा लाटांसारखा होतो. मिगनेही सलग रेष ओढू नका. एक टिंब इथे, पुढचं हातभर लांब, मग पुन्हा मध्ये, हाताला पत्रा गार लागेपर्यंत थांबत.

सावध: ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शकतो. पेट्रोलची टाकी रिकामी, धुतलेली असली तरी घरी वेल्ड करू नका.

छोट्या भागांच्या गंजासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत पुरतं. बादलीत कोमट पाणी, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास लिंबूसत, भाग रात्रभर बुडवा. सकाळी घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच वाळवून प्रायमर लावा. तासभर उघडे ठेवलेत तरी पिवळट गंज परत दिसतो. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट यात बुडवू नका, आम्लाने ते ठिसूळ होऊ शकतात.

उंबरे झाल्यावर, दारं नीट लागतात हे पाहिल्यावर, चौकटीतल्या नळ्या तशाच ठेवून बॉडी उचला. बॉडी ठेवायला लाकडी चौकट आधी तयार हवी.

तपासा: बॉडी उचलायच्या आधी दाराच्या फटी पुन्हा मोजा आणि तिसऱ्या पायरीतल्या आकड्यांशेजारी लिहा.

६. आधी ब्रेक आणि सस्पेन्शन, मग इंजिन

इंजिनचा आवाज ऐकायची घाई सगळ्यांना असते. तरी थांबण्याची सोय आधी करायची.

ब्रेकचे सगळे रबरी पाइप नवे, जुने चांगले दिसत असले तरी. आतून सुजलेला पाइप दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि एक चाक धरून राहतं. ब्रेक सिलिंडरच्या आत नखाला खड्डा लागला तर नवं रबर टाकून उपयोग नाही. सिलिंडर नवा घ्या किंवा स्लीव्ह बसवून घ्या. ब्रेक ऑइल सांडलं तर रंग सोलून काढतं, हे दहाव्या पायरीत विसरू नका. ब्रेकच्या कोणत्याही रबराला इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

आता पुढच्या सस्पेन्शनचा ट्रनियन, या गाड्यांचं सर्वांत नाजूक ठिकाण. चाकाचा उभा दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. तिथे ईपी ९० गिअर ऑइल घालायचं असतं. निप्पल (ऑइल-ग्रीस भरायचं तोंड) दिसला की गॅरेजवाला ग्रीसची गन लावतो. ग्रीस आट्यांच्या खालपर्यंत पोचत नाही, तिथे पाणी साचतं, दांडा गंजून तुटतो आणि चाक आडवं पडतं. चालत्या गाडीत. वर्षातून दोनदा ऑइल भरा आणि शक्य असेल तर निप्पलजवळ “फक्त ऑइल” असं रंगाने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मेकॅनिकलाही कळेल.

बसवताना लक्षात ठेवा: डाव्या आणि उजव्या ट्रनियनचे आटे उलट दिशांचे आहेत. पूर्ण आत फिरवा, मग जास्तीत जास्त एक फेरी मागे घ्या. दोन्ही बाजूंना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरतं का ते हाताने बघा.

तपासा: रबरी बुशांचे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना फक्त हाताने लावा. गाडीचा पूर्ण भार चाकांवर आला की मगच टॉर्क द्या. हवेत लटकत असताना आवळलेलं बुश सतत पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

७. इंजिन

मशीन शॉपला ब्लॉक देताना “सगळं करून द्या” म्हणू नका. बोअरची मापं, क्रँकची मापं आणि त्यावरून कोणत्या साइजचे पिस्टन व बेअरिंग लागतील ते लिहून मागा. आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग. उलट केलंत आणि ती साइज मिळाली नाही, तर ब्लॉक तसाच पडून राहतो.

हेड लोखंडी आहे आणि त्या काळच्या शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनलेलं. आपल्याकडे शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. हेड शॉपमध्ये गेलंच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक पोलादाच्या बसवून घ्या. वेगळं हेड काढून हेच काम नंतर करायचं म्हणजे दुप्पट खर्च.

थ्रस्ट वॉशर बसवताना खाचा असलेली बाजू क्रँककडे. उलट बसले तर तेल पोचत नाही आणि ते लवकरच झिजतात.

व्हॉल्व्हची फट थंड इंजिनात ०.२५ मिमी, प्लगची ०.६४ मिमी, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची ०.३८ मिमी. फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२. प्लगच्या वायरी या क्रमाने लावल्या नाहीत तर कार्ब्युरेटरमधून भडका येतो. शेजारी अग्निशामक ठेवा.

८. पेट्रोल आणि पाणी

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्यात मऊ पडून झिरपतात, आणि या गाड्यांत पेट्रोलचा पाइप गरम इंजिनाच्या अगदी जवळून जातो. इथेनॉलसाठी बनवलेले फ्लुओरो-रबरचे पाइप घ्या, पंपाचा पडदाही तसाच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका, क्षार ब्लॉकच्या मागच्या भागात साचतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं निम्मं.

बॉडी अजून खाली ठेवलेली आहे. याच वेळी सांगाड्यावर इंजिन सुरू करून बघा. सगळं उघडं असल्याने गळती लगेच दिसते. आधी प्लग काढून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवा. मग प्लग लावून सुरू करा. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवा असेल तर पहिली वीस मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडू नका. तेल २०डब्ल्यू-५०, जस्त जास्त असलेलं.

९. कोरडी जुळणी

बॉडी सांगाड्यावर परत ठेवा, त्याच चकत्यांसह, आणि दारं, डिकी, बॉनेट, बंपर, दिवे सगळं रंगाविना बसवा. आधी दार मागच्या पत्र्याशी जुळवा, मग बॉनेट दाराशी. उलट क्रमाने केलंत तर चूक शेवटच्या दारात गोळा होते. चौकटीतल्या नळ्या आता कापा. राहिलेली भोकं आणि वेल्डिंग आजच संपवा, रंगानंतर ठिणगी पडायला नको.

ही पायरी बहुतेक जण वेळ वाचवायला गाळतात. रंगलेल्या दारावर फाईल चालवायची वेळ त्यांच्यावर येते.

१०. रंग

पुट्टी पत्र्यावर नव्हे, एपॉक्सी प्रायमरवर. साधं राखाडी सरफेसर (रंगाआधीचा भरणीचा थर) सच्छिद्र असतं, त्यातून ओल आत जाते. सरफेसर लावून गाडी पावसाळाभर उभी ठेवलीत तर खालचा पत्रा गंजतो आणि ते रंगाच्या फोडांनीच कळतं. थांबायचंच असेल तर एपॉक्सीवर थांबा.

घासणं, पुट्टी, प्रायमर, हे घरी करा, तोंडाला योग्य कार्ट्रिजचा मास्क बांधून. शेवटचा दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग बूथमध्ये द्या. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा होऊ शकतो, आणि त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घरातल्या मुलांसमोर, बंद अंगणात हा रंग फवारू नका.

११. वायरिंग, मग पहिली फेरी

जुन्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) टेप गुंडाळून चालवू नका. लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या वायरींचे रंग काय सांगतात ते माहीत असलं की अर्धं काम सोपं: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइट, लाल बाजूचे दिवे, काळी अर्थ (बॉडीला जोडलेली). सुरुवातीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. बॅटरी लावण्यापूर्वी ते तपासा, नाहीतर एलईडी किंवा चार्जर पहिल्याच क्षणी जळतो. रंगलेला पत्रा अर्थ देत नाही, जोडाच्या जागी पत्रा घासून उघडा करा. सीट आणि छत सगळ्यात शेवटी.

पहिली फेरी गल्लीतच, चालण्याच्या वेगाने, दहा वेळा ब्रेक दाबून. मग पहाटे सुपर कॉरिडॉरवर, ४० च्या पुढे न जाता. परतल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा: एखादं इतरांपेक्षा खूप गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय. हे सगळं नीट आल्यावरच सिमरोलपुढच्या भेरूघाटाची चढण.

५०० किमी झाले की तेल बदला. जुनं तेल गटारात ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या. इंजिन पूर्ण गार असताना हेडचे नट मॅन्युअलच्या क्रमाने पुन्हा आवळा, मग व्हॉल्व्हच्या फटी नव्याने मोजा, आणि गाडी वर आहेच तर ट्रनियनमध्ये ऑइल भरून घ्या.